अठरा वेढे

आमच्या घरात कुणी कधी बोलायचं हे आप्पांची मोजणी ठरवायची. निपाणीत पुढं दुकान, मागं घर, मधे एक दार आणि दाराला आईच्या जुन्या पातळाचा पडदा, अशी आमची मांडणी. दुकानात आप्पा, म्हणजे माझे वडील, जळालेल्या मोटरी भरायचे. भरायचे म्हणजे आतली करपलेली तांब्याची तार काढून टाकायची, नव्या तारेच्या कॉईल करायच्या, त्या खाचांत बसवायच्या, दोऱ्याने आवळायच्या आणि वर व्हार्निश ओतायचं. पावसाळ्यात नद्यांना पाणी चढलं की काठावरच्या बुडालेल्या मोटरी ट्रॅक्टरातून यायच्या आणि दुकानाच्या पायरीवर चिखलासकट ओळीने बसायच्या. कॉईल करायला आप्पांकडे हँडलचं एक लोखंडी मशीन होतं. उजव्या हातात हँडल, डाव्या हातात तार, ओठांवर आकडे. एक वेढा इकडचा तिकडे झाला तर मोटर तापणार, म्हणून मोजणी चालू असताना कुणी बोलायचं नाही हा घराचा कायदा. गिऱ्हाईक आलं तरी आप्पा तळहात वर करायचे आणि ते गपगुमान पायरीवर टेकायचं. कॉईल झाली की आप्पा एका वाटीतला चिंचोका दुसऱ्या वाटीत टाकायचे आणि म्हणायचे, "हां. आता बोला." त्या दोन शब्दांनंतर घरात जो कालवा व्हायचा तो काय सांगू. आई स्वयंपाकघरातून, गिऱ्हाईक पायरीवरून, मी पडद्याआडून, सगळी एकदमच बोलायची.

आप्पा मोजायचे कानडीत. घरात आम्ही मराठी, बाजारात दोन्ही, पण मोजणी कानडीच, कारण धंदा त्यांनी बेळगावात खडेबाजारच्या मागच्या बोळात बसप्पा मेस्त्रींच्या हाताखाली शिकला होता. हँडलच्या मशीनला आकडे दाखवणारी तबकडी येते, ती मेस्त्रींनी पहिल्याच दिवशी स्क्रू काढून आप्पांच्या हातात दिली होती म्हणे. तबकडीकडे बघणारा तारेकडे बघत नाही, असं त्यांचं म्हणणं. ती तबकडी आमच्या देव्हाऱ्याखालच्या खणात पडलेली असायची. तर मोजणी सुरू करताना आप्पा तार कपाळाला लावायचे, "देवा" म्हणायचे, आणि मग ओंदु, एरडु, मूरु. पडद्याआड अभ्यासाला बसलेल्या मला ती मोजणी इतकी पाठ झाली होती की पाढ्यांच्या आधी मला कानडी आकडे येत होते. दुकानात जायची मात्र मला लहानपणी बंदी होती. व्हार्निशचा वास, उघड्या तारा, आणि मी अशी की एका जागी दोन मिनिटं बसवत नसे. "हिच्या पायात भिंगरी हाय," आई म्हणायची, आणि खोटं बोलायची नाही. आजही कुणी फोनवर लांबण लावली की मी उठून फेऱ्या मारते.

ज्या दिवसांबद्दल लिहायला बसले आहे, तेव्हा मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून घरी बसले होते. बेंगळुरूच्या एका कारखान्यातून पत्र आलं होतं, दसऱ्यानंतर हजर व्हा. मला खरं तर पत्र हातात पडलं त्याच दिवशी बस धरायची होती. सकाळी उठून गच्चीवर, गच्चीवरून खाली, दोन घास खाऊन स्टँडपर्यंत, तिथून परत. तंबाखूच्या वखारींवरून वारा आला की शिंका, नाही तर आईची हाक. पण सुटायच्या वाटेत एक गोष्ट आडवी आली होती. आप्पांची मोजणी चुकायला लागली होती.

आधी ते कुणाच्या लक्षात आलं नाही. पडद्याआडून मला ऐकू यायचं, ऐदु, आरु, एळु, आणि मग शांतता. परत आरु. परत शांतता. एकदा पडदा बाजूला करून बघितलं तर आप्पा हँडल धरून चिंचोक्यांच्या वाट्यांकडे बघत बसले होते, जत्रेत चुकलेल्या माणसासारखे. मी बघते आहे हे कळल्यावर तार कापून टाकली आणि नव्याने सुरू केलं. मग कोगनोळीच्या भूपालआण्णांची मोटर परत आली. भूपालआण्णा आमचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक, साधा सरळ माणूस, आवाज मात्र शिवारातून हाक मारल्यासारखा. मोटर भरून नेल्यावर चार दिवसांत धूर आला होता. त्यांनी मोटर पायरीवर ठेवली आणि म्हणाले, "आप्पा, लाईटच बेकार हाय आमच्याकडची." लाईट बेकार नव्हती. आप्पांनी मोटर उघडली, कॉईलमधल्या तारा मोजल्या, आणि दोन कॉईलींत वेढे कमी-जास्त निघाले. त्या दिवशी आप्पांनी दुकानाचं अर्धं शटर ओढून घेतलं. आई जेवायला वाढताना म्हणाली, "बंद करूया का आता? लई झालं की." आप्पा भाकरी मोडत म्हणाले, "मग दिवसभर करू काय गं मी?" आई ताक आणायला उठली. मला फक्त एवढंच दिसत होतं की दसरा जवळ येतोय, आणि आप्पा असे असताना बॅग उचलून निघाले तर जन्मभर खाली बघून चालावं लागेल.

म्हणून मी मोजणारं मशीन करायचं ठरवलं. लोक आज म्हणतात, पद्मजाने वडिलांसाठी मशीन केलं. किती बरं वाटतं ऐकायला. मी ते सुटण्यासाठी केलं होतं. प्रेम होतंच, पण त्याच्या पुढं एक पाऊल घाई होती, आणि घाईनेच पुढचा घोळ केला.

माझा आत्येभाऊ शीतल या उद्योगात माझा जोडीदार. आमच्याकडच्या जैनांत शीतल हे पोराचंही नाव असतं. बेंगळुरूला मी त्याच्याबद्दल सांगायचे तेव्हा सगळ्यांना ती माझी मैत्रीण वाटायची. तो बेळगावजवळ मच्छेला एका कारखान्यात उमेदवारी करत होता आणि दर रविवारी सकाळच्या गाडीने यायचा. आम्हा दोघांचं ज्ञान मिळून एका माणसाचं अर्धं होतं. सायबर कॅफेतून छापून आणलेले कागद, पुण्याहून टपालाने मागवलेलं मायक्रोकंट्रोलरचं तळहाताएवढं बोर्ड, मोटर चालवायला नखाएवढं एक ड्रायव्हर, आणि भंगारातल्या प्रिंटरमधून उपटलेली चार तारांची स्टेपर मोटर. ही मोटर साध्या मोटरीसारखी भिरभिर फिरत नाही, पावलं टाकते. एका फेऱ्यात दोनशे पावलं. बोर्डाने एक ठोका पाठवला की एक पाऊल. म्हणजे ठोके मोजले की फेरे मोजले, फेरे मोजले की वेढे मोजले, आणि आप्पा मोकळे. मी पण मोकळी. कागदावर हे सगळं पंधरा मिनिटांत झालं होतं.

प्रत्यक्षात मोटर आठ दिवस जागची हलली नाही. चारही तारा जोडल्या, प्रोग्राम चढवला, बटण दाबलं की ती नुसती गुरगुरायची आणि थरथरायची. तारा बदलून बघितल्या. प्रोग्राम तीनदा लिहिला. शीतलने एक ड्रायव्हर उलटं बसवून जाळलं, त्यातून बारीक धुराची रेघ निघाली आणि आम्ही दोघं एकमेकांवर खेकसलो. त्यात आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवायचं. सूर्य कलला की आई हाक मारायची, आणि हातातलं काम कितीही अडलेलं असो, पानावर जाऊन बसायचं. मुगाची आमटी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर ताक. मी मांडी हलवत भराभरा गिळायचे, शीतल असला की माझ्या पानातली चटणी पळवायचा, आणि आप्पा आमच्याकडे बघून न बघितल्यासारखं करायचे. आईने एकदा विचारलं, "त्या डबीला काय झालंय गं? दुखतंय का तिला काय?" खरंच, पडद्याआडून तसाच आवाज येत असणार.

पुढच्या रविवारी आप्पा हात पुसत आमच्या टेबलापाशी आले. मोटर उचलली, उलटी केली, आसावर बोट फिरवलं.

"आत कॉईलच हाईत नव्हं?"

"व्हय. दोन."

"चार तारा, दोन कॉईली. मग कुठली तार कुणाची ते बघितलंसा का?"

आम्ही रंगांवरून ठरवलं होतं, लाल-पिवळी एक जोडी. आप्पांनी लाल आणि पिवळीची टोकं एकत्र पिळली आणि आस फिरवला. सहज फिरला. मग लाल आणि निळीची पिळली. आस अडखळला, बोटाला जाणवण्याइतका जड झाला. "हात लाव," म्हणाले. मी लावला. "हितं विरोध करतीया. म्हंजी ही एका घरातली. उरलेल्या दोन दुसऱ्या घरातल्या. तुमी एकीचा नवरा दुसरीला दिलासा, मग बिचारी गुरगुरंल न्हाय तर काय करंल?" शीतल खो खो हसत सुटला. मी जोड्या बदलल्या, बटण दाबलं, आणि मोटर फिरायला लागली. अगदी शांत, सरळ, पावलं टाकत. आप्पा तिच्याकडे जरा वेळ बघत राहिले. त्यांनी उभ्या आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता, पण दोन कॉईलचं दुखणं त्यांना हाताला कळलं होतं. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की आठ दिवसांचं रडगाणं विसरले.

पुढचं काम सोपं नव्हतं, पण आता वाट सापडली होती. जाड तार ओढायला प्रिंटरची मोटर पुरेना, म्हणून शीतलने मच्छेच्या भंगारवाल्याकडून वीतभर लांबीची दांडगी मोटर आणली. ज्यावर कॉईल गुंडाळायची तो आप्पांचा लाकडी साचा तिला जोडला. ड्रायव्हरवरचा बारीक स्क्रू पिळून करंट वाढवला तर ते तापायचं, कमी केला तर तारेच्या ओढीला मोटर मधेच 'ठक' करून अडायची आणि पाऊल चुकवून पुढं जायची. बोर्डाला याचा पत्ताच नाही. छोट्या पडद्यावर ऐटीत आकडा, अठरा. साच्यावर मात्र साडेसतरा. हे मी आप्पांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी भुवया वर केल्या.

"म्हंजी तुज्या मशीनला आपण फिरलो का न्हाय ते ठावंच न्हाय? नुस्तं फीर म्हणून सांगितलं की झालं?"

"तसंच म्हणा."

"अवघड हाय की मग," आप्पा म्हणाले, आणि हळूच हसले. आज इतकी वर्षं मी हाच धंदा करते आहे. नव्या पोरापोरींना स्टेपर शिकवताना मी हेच वाक्य सांगते, आणि याच्याइतकं सोपं करून मला अजून सांगता आलेलं नाही.

आम्ही वेग कमी केला, तारेची वाट गुळगुळीत केली, साच्यावर खडूची रेघ मारली आणि दोघांनी मिळून डोळ्यांत तेल घालून प्रत्येक फेरा मोजला. अठरा सांगितले की अठराच. वीस वेळा, तीस वेळा. आता शंकेला जागा नव्हती, आणि दसऱ्याला तीनच आठवडे राहिले होते.

पहिली मोटर भूपालआण्णांचीच घेतली, परत आलेली. साडेसात हॉर्सपॉवरची. आप्पांच्या वहीत तिची नोंद होती, त्यांच्या तिरप्या अक्षरात, तारेची जाडी आणि समोर वेढे: १८. मी आकडा घातला, बटण दाबलं, आणि एका दुपारीत सगळ्या कॉईल झाल्या. सगळ्या सारख्या, देखण्या. आप्पांनी त्या हातात घेऊन बघितल्या, खाचांत बसवल्या, आवळल्या. भरताना फक्त एक कॉईल दोनदा वजन केल्यासारखी हातावर तोलली. मला वाटलं, कौतुकच करताहेत.

रविवारी भूपालआण्णा आले. शीतल होता. मोटर टेबलावर ठेवून सुरू केली आणि ती घुमली. जळाली वगैरे नाही, पण आवाज जड होता, आणि मीटरवर करंट हवा त्याच्यापेक्षा बराच वर. आप्पांनी लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक मोटरीच्या अंगाला, मूठ कानाला, आणि डोळे मिटून ऐकलं. मग बटण बंद केलं.

"येढा कमी हाय."

"न्हाय आप्पा. अठरा हाईत. मी आणि शीतलनं मोजल्यात."

"कमी हाय," ते म्हणाले, आणि एक कॉईल कापून बाहेर काढली. कापलेल्या तारांचा जुडगा टेबलावर ठेवला, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने एकेक तार बाजूला सारत मनात मोजलं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. "सतरा."

मी मोजल्या. अठरा. शीतलने मोजल्या. अठरा. भूपालआण्णांना राहवेना, त्यांनी जाड बोटांनी एकेक तार उचलून मोठ्याने मोजल्या, अठरा. आप्पांनी परत मोजल्या, अगदी सावकाश. "सतराच की रं," ते म्हणाले, पण आता ते माझ्याकडे बघत नव्हते. टेबलावर अठरा तारा उघड्या पडलेल्या, लहान पोरालाही मोजता येतील अशा. भूपालआण्णांनी नजर वळवून रस्त्याकडे केली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं. दोन महिने घरात जे कुणी बोललं नव्हतं ते, गिऱ्हाइकासमोर, मोठ्या आवाजात.

"आप्पा, तुम्हाला आता मोजता येत न्हाय. म्हणूनच हे मशीन केलंय. मान्य करा की एकदा!"

आप्पांनी स्क्रूड्रायव्हर त्याच्या खिळ्याला अडकवला. हात पुसले. पडदा सारून आत गेले. भूपालआण्णा म्हणाले, "बाय, आसं बोलू नये," आणि एवढंच म्हणून चपला घालून निघाले. आईने दिवस मावळायच्या आत दोनदा हाक मारली. आप्पा पानावर आले नाहीत. सूर्य गेला, म्हणजे आता सकाळपर्यंत अन्न नाही, पाणीही नाही.  शीतल शेवटच्या गाडीने मान खाली घालून गेला. मला माफी मागायची होती, पण मान्य करा म्हणणाऱ्या माणसाला स्वतःला मान्य करणं किती जड जातं हे मला त्या दिवशी कळलं. मी गच्चीच्या जिन्यावर खाली-वर करत राहिले.

सकाळी मोजणी ऐकू आली. ओंदु, एरडु. मी चहा तसाच ठेवून उठले, आणि कसं कोण जाणे, पडद्याआड न थांबता सरळ दुकानात गेले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. इतक्या वर्षांत मी आप्पांची मोजणी हजारदा ऐकली होती, पण समोर उभं राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली नव्हती. आप्पांनी तळहात वर केला, हदिनेंटु, म्हणजे अठरा, म्हणून कॉईल संपवली, चिंचोका टाकला.  नव्या कॉईलला तार लावली, कपाळाला टेकवली, म्हणाले, "देवा."

आणि "देवा" म्हणताना हँडल फिरलं. पूर्ण एक फेरा. मग ओंदु.

मी तिथंच खाली बसले. माझ्या समजुतीने "देवा" ही मोजणीआधीची प्रार्थना होती. पडद्याआडून तशीच ऐकू यायची. हदिनेंटु झाल्यावर मी उठून ती कॉईल हातात घेतली आणि तारा मोजल्या. एकोणीस.

"आप्पा, देवा म्हणताना बी हँडल फिरवताय की तुम्ही."

"मग? पैला येढा देवाचा असतोय."

"त्यो मोजत न्हाईसा."

"देवाचा कसा मोजायचा? बसप्पा मेस्त्री म्हणायचे, पैला येढा ढिला ऱ्हातोय, त्याच्यावर इसवास ठेवू नये, त्यो देवाला द्यावा आणि तिथनं फुडं मोजावं. जुनी मोटर फोडली तरी पैली तार देवाची म्हणून सारायची आणि मग मोजायचं." ते बोलता बोलता थांबले. धान्य मापताना आमच्याकडे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. पण लाभ मोजणीत धरतात. आप्पांचा देव मोजणीबाहेर होता, आणि चाळीस वर्षांच्या त्या वहीतल्या प्रत्येक आकड्याबाहेर. कुणाला सांगायची वेळच आली नव्हती, कारण वही दुसऱ्या कुणाच्या हातात कधी गेलीच नव्हती. त्यांनी काल कापलेल्या तारांकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"म्हंजी काल मी चुकलो न्हवतो?"

"न्हाय आप्पा."

त्यांचा चेहरा कसा झाला ते मला नीट लिहिता येणार नाही. आनंद म्हणावा तर तसा नव्हता. अख्खी रात्र त्या माणसाने उपाशीपोटी स्वतःला वेडा समजून काढली होती, आणि ती रात्र मी दिली होती. मला रडू आलं. आप्पा म्हणाले, "गप. तार वली हुईल," आणि पुढची कॉईल लावली. देवा, ओंदु, एरडु, मूरु. नाल्कु. ऐदु. आणि ते थांबले. हँडल तसंच, नजर वाट्यांकडे.  

"हे बी खरं हाय, पद्मे," ते हळू म्हणाले. "कधी कधी जातंय. कुठं जातंय कळत न्हाय. तुज्या मशीनला शिकिव. देवाचा सोडून मोजायला शिकिव."

प्रोग्राममध्ये एकच ओळ घालावी लागली. बटण दाबलं की मशीन आधी एक फेरा सावकाश मारतं, आणि तोवर पडद्यावर शून्यच राहतं. माझ्या मच्छेच्या कारखान्यात आज वायंडिंगची जी मशीनं होतात त्या सगळ्यांत ती ओळ आहे. नवा मुलगा किंवा मुलगी कामाला लागली की आठवड्याभरात मला येऊन सांगते, मॅडम, इथं एक चूक राहिली आहे, हा फेरा मोजला जात नाही. कुणी तर न विचारताच काढून टाकते. मी परत घालते. कारण सांगते, पण एवढं सगळं नाही सांगत.

भूपालआण्णांच्या मोटरीच्या कॉईल आम्ही परत केल्या. हिरवं बटण आप्पांनी दाबलं. "देवा" म्हणाले, आणि मग मशीनबरोबर बसून सगळं तोंडाने मोजलं. ती मोटर कशी चालली? भूपालआण्णांनी पुढच्याच आठवड्यात डोक्याएवढा भोपळा आणून दिला आणि शिवारातल्या आवाजात म्हणाले, "आप्पा, पाणी बांधाला थडकतंय!" माझ्याकडे बघून मात्र फक्त मान हलवली. बोललेलं ते विसरले नव्हते. मीही नाही.

एक गंमत झाली ती सांगायची राहिली. मशीन मोजायला लागल्यावर घरात गप्प बसायचं कारण उरलं नाही. आईने पडदा एका बाजूला बांधून टाकला. आता हवं तेव्हा बोलावं. पण आम्हाला ते जमेचना. मशीनचा सूर लागला की आई आपोआप पळी हळू ठेवायची, गिऱ्हाईक आपोआप पायरीवर टेकायचं. आणि आप्पा मशीनशेजारी स्टुलावर बसून मोजतच राहिले, कानडीत, मोठ्याने. मी एकदा म्हणाले, "आता कशाला? ते मोजतंय की." तर म्हणाले, "त्याला ठावं न्हाय म्हणालीस नव्हं, फिरलं का न्हाय ते? कुणीतरी बघाय नको?" मशीन अडलं आणि ठक झालं की त्यांच्या कानाला कळायचं, आणि ते मधेच विसरले की पडद्यावरचा आकडा त्यांना सांगायचा. एकाचं राहिलेलं दुसरा पुरं करायचा. दुकान त्यानंतर नऊ वर्षं चाललं.

दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी मी निघाले. आईने शेंगाच्या पोळ्यांचा डबा बांधला होता, शीतल मोठी बॅग घेऊन बाहेर रस्त्यावर थांबला होता, बेळगावची गाडी सुटायला थोडाच वेळ होता. इतके महिने ज्या दिवसासाठी तडफडत होते तो हा. पाया पडायला म्हणून मी दुकानात गेले. आप्पांनी नुकतंच बटण दाबलेलं. मशीन फिरत होतं, आणि त्यांनी न बघताच तळहात वर केला.

मी उभी राहिले. खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा चाचपला नाही, घड्याळ बघितलं नाही, एका पायावरून दुसऱ्या पायावर गेले नाही. ऐदु, आरु, एळु. रस्त्यावर गाडीचा हॉर्न झाला. शीतल बाहेरून "पद्मे!" म्हणून ओरडला, आईने त्याला दारातूनच हाताने गप्प केलं. हन्नोंदु, हन्नेरडु. मी त्यांच्याबरोबर मनात मोजत होते. हदिनेंटु. मशीन थांबलं. आप्पांनी चिंचोका उचलून पलीकडच्या वाटीत टाकला आणि वर बघितलं.

"हां. आता बोल."

मी बोलायचं काय काय ठरवून आले होते.

"आप्पा, मोजणी बरोबर हाय तुमची."

त्यांनी साच्यावरची कॉईल सोडवली, हातावर तोलली, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला व्हार्निशचा वास होता.

"म्हायती हाय मला," ते म्हणाले. "पळ आता. गाडी जाईल."